पदवी, सनद आणि पहिली तीन वर्षे

कायद्याचे शिक्षण तीन ठिकाणी पुरे होते : महाविद्यालयाच्या वर्गात, न्यायालयाच्या दालनात आणि वरिष्ठ वकिलाच्या कार्यालयात. वर्गाचा अभ्यासक्रम छापलेला असतो, शुल्क ठरलेले असते आणि परीक्षेची तारीख जाहीर होते. उरलेल्या दोन ठिकाणी यातले काहीच नसते. तिथे कोण किती शिकणार हे बऱ्याच अंशी घरची परिस्थिती ठरवते. पदवी हातात आल्यावर दोन-तीन वर्षे जवळजवळ उत्पन्नाशिवाय काढता आली, तरच विधी पदवीधराचा वकील होतो. नाशिकरोडच्या पूर्वेला गोदावरीकाठी असलेल्या एकलहरे या गावासारख्या कामगार आणि शेतकरी वस्तीतून पाहिले, की गेल्या काही वर्षांत या व्यवसायात झालेल्या बदलांचा अर्थ नीट कळतो. सनदेचे शुल्क, पात्रता परीक्षा, नवे फौजदारी कायदे, न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट, हे सगळे विषय शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात : ज्या घरात आजवर कोणी वकील झालेला नाही, त्या घरातल्या मुलामुलींना ही वाट झेपणार का?

एकलहऱ्याचे कज्जे

एकलहरे राज्याला माहीत आहे ते औष्णिक वीज केंद्रामुळे. तेव्हाच्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने १९७० च्या सुमारास इथे १४० मेगावॉटचे दोन संच उभे केले आणि १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच त्यात मिळवले. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले आणि केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले. पहिले दोन संच आता बंद झाले आहेत. केंद्रासाठी जमिनी गेल्या, वसाहत झाली, ठेकेदार आले. राखेचे बंधारे झाले. पंचक्रोशीतल्या अनेक घरांचा पोटापाण्याचा आधार शेतीकडून केंद्राकडे सरकला.

मोठा प्रकल्प गावात आला की कायद्याचे प्रश्नही येतात. त्यांतला पहिला जमिनीचा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात संपादन अधिकारी निवाडा देऊन मोबदला ठरवत असे. तो कमी वाटला, तर शेतकऱ्याने रक्कम निषेध नोंदवून उचलायची आणि कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी मुदतीत करायची. निषेध न नोंदवता पैसे घेतले किंवा मुदत टळली, की तो हक्क संपे. कायद्याच्या पुस्तकात हे दोन ओळींत येते. शेतकऱ्याच्या हयातीत मात्र या दोन ओळींनी लाखोंचा फरक पडतो. २०१४ पासून भरपाई आणि पुनर्वसनाचा नवा कायदा लागू आहे, तरी जुन्या संपादनांतून निघालेले वाद वारसांपर्यंत चालत राहतात.

दुसरा प्रश्न प्रकल्पग्रस्त दाखल्याचा. राज्याच्या सेवेतील क आणि ड गटांच्या पदांत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दाखला कुटुंबातल्या एका नामनिर्देशित व्यक्तीला मिळतो. तो भावाला द्यायचा की मुलीला, आधी एकाच्या नावे असलेला दाखला दुसऱ्याच्या नावे होतो का, सातबाऱ्यावर नाव चढलेच नसेल तर हक्क कसा दाखवायचा, असे प्रश्न घरातच उभे राहतात आणि तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय यांच्यामध्ये फिरत राहतात.

तिसरा प्रश्न कंत्राटी कामगारांचा. ठेकेदार बदलतो, कामगार तोच राहतो आणि सेवेची सलगता कागदावर दर वेळी तुटते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यासह २९ कामगार कायद्यांची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहितांनी घेतली. भविष्यनिर्वाह निधी, किमान वेतन, अपघाताची भरपाई, कामावरून कमी करणे, या प्रत्येकाचा दरवाजा वेगळा. कामगार न्यायालयात जायचे, औद्योगिक न्यायालयात, की आधी समेट अधिकाऱ्याकडे, हे चुकले तर वर्षे वाया जातात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांनाही तो आहे. वीज केंद्राच्या गावात या एका कलमाची माहिती घरोघर पोचली तर कितीतरी कामगार सल्ल्यावाचून राहणार नाहीत.

म्हणून अशा गावातून वकील तयार होणे गावाच्याही कामाचे असते. फेरफार नोंद कशी होते, मस्टर कोण भरतो, राख शेतात उडाली तर पंचनामा कोणाकडे मागायचा, हे तिथे वाढलेल्या विद्यार्थ्याला शिकवावे लागत नाही. त्याला शिकवावे लागते ते हे ज्ञान न्यायालयाला चालेल अशा रीतीने मांडणे.

प्रवेशाच्या दोन वाटा

कायद्याच्या पदवीला दोन वाटांनी जाता येते. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी. दोन्हींसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतही देता येते आणि कामगार वस्तीतल्या विद्यार्थ्यासाठी ही मोठी सोय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी मात्र क्लॅट ही वेगळी, इंग्रजी परीक्षा आहे. तिची तयारी अकरावीपासून शिकवणी लावून होते आणि शुल्कही कित्येक पटींनी जास्त असते. पहिली फाळणी इथेच होते. एका बाजूला मोठ्या शहरांतल्या विधी फर्म आणि कंपन्यांकडे जाणारे विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला जिल्हा आणि तालुका न्यायालयांकडे जाणारे. देशातल्या बहुसंख्य लोकांचे खटले दुसऱ्या बाजूच्या हातात असतात.

नाशिकमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचे एनबीटी विधी महाविद्यालय, मराठा विद्या प्रसारक समाजाचे विधी महाविद्यालय आणि नवजीवन विधी महाविद्यालय ही नावे विद्यार्थ्यांच्या पसंतीक्रमात असतात. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. एकलहऱ्याच्या विद्यार्थ्याला आधी नाशिकरोड आणि तिथून शहर असा प्रवास करावा लागतो. जिल्हा न्यायालय जुन्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ (सीबीएस) आहे. नाशिकरोडलाही दिवाणी आणि फौजदारी न्यायालय असल्यामुळे खटल्याचे कामकाज पाहायला प्रत्येक वेळी शहर गाठावे लागत नाही, पण महाविद्यालय, जिल्हा न्यायालय आणि घर हा त्रिकोण रोज पुरा करणे अवघडच.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातला वर्ग वयाने मिश्र असतो. नुकताच बीए झालेला विद्यार्थी, घर आणि मुले सांभाळून आलेली गृहिणी, निवृत्तीच्या जवळ आलेला कर्मचारी, पोलीस खात्यातला हवालदार, कामगार संघटनेचा कार्यकर्ता असे सगळे एका बाकावर बसतात. पतसंस्थेच्या वसुलीची चर्चा निघाली की बँकेत काम केलेला विद्यार्थी बोलतो आणि जप्तीच्या पंचनाम्याबद्दल हवालदाराला पुस्तकापेक्षा जास्त माहिती असते. शिक्षकाने वापरून घेतली तर ही मोठी संपत्ती आहे.

तास, हजेरी आणि पोट

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेत घ्यायचे असतात, आठवड्याला किमान ३० तासांचे काम अपेक्षित आहे आणि परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थिती लागते. दिवसा नोकरी करून रात्रीच्या वर्गातून वकील होण्याची जुनी वाट या नियमांनी अरुंद केली. सप्टेंबर २०२४ मध्ये परिषदेने परिपत्रक काढून बायोमेट्रिक हजेरी, वर्गांत कॅमेरे आणि विद्यार्थ्याने नोकरीबद्दल प्रतिज्ञापत्र देणे यांवर भर दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उलट दिशेचा विचार मांडला. हजेरी कमी पडली एवढ्यावरून विधी विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये, हजेरीची सक्ती विद्यार्थ्याच्या मानसिक आरोग्याच्या मुळावर उठू नये आणि न्यायालयातले काम, अभिरूप न्यायालय (मूट कोर्ट), विधी सहाय्य यांना हजेरीचे श्रेय मिळावे, असे त्या निकालाचे म्हणणे आहे.

दोन्ही बाजूंना वजन आहे. वर्गात पाऊल न टाकता पदव्या मिळाल्यामुळे व्यवसायाची पत घसरली, हे खरे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये परिषदेने नव्या विधी महाविद्यालयांना तीन वर्षांची स्थगिती दिली, तीही दर्जाच्याच काळजीने. पण कमावल्याशिवाय शिकणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी हजेरीचा नियम म्हणजे शिक्षणाचा खर्चच असतो. पाळीवर काम करणारा कामगार रात्रपाळीनंतर सकाळी नऊच्या तासाला बसतो, तेव्हा कागदोपत्री त्याची हजेरी लागते, पण त्या तासात तो काय शिकतो हे हजेरीपुस्तक सांगत नाही.

अभ्यासक्रमात व्यावहारिक प्रशिक्षणाचे चार विषय सक्तीचे आहेत : मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण आणि मूट कोर्टसह प्रशिक्षणार्थी अनुभव. शेवटच्या विषयाच्या १०० गुणांत ३० अभिरूप न्यायालयाला, ३० दोन खटल्यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून लिहिलेल्या नोंदीला, ३० अशिलाची मुलाखत आणि पूर्वतयारीच्या रोजनिशीला आणि १० तोंडी परीक्षेला असतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप अपेक्षित आहे. योजना उत्तम आहे. ती रोजनिशीची नक्कल उतरवून उरकली जाते, की विद्यार्थी खरोखर साक्षीदाराची उलटतपासणी बसून ऐकतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

दोन संहितांमध्ये सापडलेली पिढी

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. १८६० ची दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा मागे पडले. दंड संहितेची ५११ कलमे होती, न्याय संहितेची ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले. फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले. प्रथम माहिती अहवालाचे १५४ आता १७३ आहे, अटकपूर्व जामिनाचे ४३८ आता ४८२.

त्या वर्षी जे विद्यार्थी मधल्या सत्रांत होते, त्यांना दोन्ही कायदे शिकावे लागले आणि पुढेही बरीच वर्षे दोन्ही लागतील. कारण गुन्हा कोणत्या तारखेला घडला यावर कायदा ठरतो. ३० जून २०२४ च्या रात्री घडलेल्या मारहाणीचा खटला जुन्या दंड संहितेखाली चालणार, दुसऱ्या दिवशीच्या मारहाणीचा नव्या. बरेच सिनिअर अजूनही जुन्या क्रमांकांनी विचार करतात आणि ज्युनिअर ते नव्यात बदलून अर्जात टाकतो. नव्या पिढीला अनुभवी वकिलांच्या बरोबरीने उभे राहण्याची ही दुर्मीळ संधी आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळ भेट, ही नवी प्रक्रिया सर्वांना एकाच वेळी शिकावी लागत आहे.

इंग्रजी पुस्तक, मराठी निशाणी

१९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी आहे. कायद्याची प्रमाण पुस्तके आणि निवाड्यांची पत्रिका जवळजवळ सगळी इंग्रजीत. त्यामुळे नाशिकच्या विद्यार्थ्याला वाचायचे इंग्रजीत, अशिलाशी बोलायचे त्याच्या बोलीत आणि कागद करायचा मराठीत, अशी तिहेरी कसरत करावी लागते.

दिवाणी दाव्याची मराठी स्वतःची आणि नेमकी आहे. वादी दावा दाखल करतो, प्रतिवादी कैफियत देतो. तातडीचा मनाई हुकूम मागणारा अर्ज निशाणी ५ वर असतो, म्हणून ‘निशाणी पाचवर युक्तिवाद’ म्हटले की सगळ्यांना कळते. न्यायाधीश मुद्दे काढतात, सरतपास होतो, उलटतपास होतो, दोन्ही बाजू पुरावा संपल्याची पुरसिस देतात आणि हुकूमनामा झाल्यावर त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लागते. ज्याची शाळा मराठी आहे त्याला ही भाषा लवकर वळते. इंग्रजीत मागे पडतो म्हणून वर्गात संकोचणारा विद्यार्थी मराठी दाव्याचा मसुदा अनेकांपेक्षा चांगला करू शकतो. पण वरच्या न्यायालयात अपील गेले की तोच कागद इंग्रजीत करावा लागतो आणि पुढचा वकील दुसरा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून ‘सुवास’ या प्रणालीच्या मदतीने निवाड्यांची भारतीय भाषांत भाषांतरे सुरू केली आहेत. त्यांचा वापर वर्गात नियमित व्हावा, तसेच मसुदालेखनाच्या तासाला मराठी आणि इंग्रजी दोन्ही मसुदे सक्तीचे असावेत. जिल्हा पातळीवरच्या वकिलासाठी दोन्ही भाषा कामाची साधने आहेत आणि एकीसाठी दुसरी सोडण्याचे कारण नाही.

सनदेची किंमत

पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे नोंदणी करावी लागते. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम २४ मध्ये या नोंदणीचे शुल्क लिहिलेले आहे : राज्य परिषदेसाठी ६०० रुपये आणि भारतीय परिषदेसाठी १५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १०० आणि २५. प्रत्यक्षात ग्रंथालय, कल्याण निधी, ओळखपत्र, पडताळणी अशा नावांनी राज्य परिषदा हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की कायद्याने लिहिलेल्या रकमेपेक्षा अधिक शुल्क नोंदणीच्या वेळी घेता येणार नाही. समानतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क या दोन्हींना ते बाधक आहे आणि दुर्बल घटकांतील उमेदवारांना व्यवसायाबाहेर ठेवते, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले.

या निकालाला महाराष्ट्रात एक जुनी पार्श्वभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईत परतले, तेव्हा वकिलीची सनद काढण्यापुरतेही पैसे त्यांच्याकडे नव्हते. त्यांचे मित्र नवल भथेना यांनी मदत केली आणि त्यांची वकिली सुरू झाली. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. एवढ्या तोलाच्या माणसाची वकिलीही सनदेच्या रकमेपाशी अडू शकत होती, हे लक्षात घेतले की ७५० रुपयांचा निकाल किती मोलाचा आहे ते कळते.

नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा. २०१० मध्ये ठरलेल्या आणि २०११ पासून होत असलेल्या या परीक्षेला फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने वैध ठरवले. १०० बहुपर्यायी प्रश्न असतात, टीपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तके सोबत ठेवता येतात आणि मराठीतही उत्तरे देता येतात. नोंदणी आधी तात्पुरती होते आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर वकिली करण्याचे प्रमाणपत्र मिळते. परीक्षेचे शुल्क मात्र नोंदणीच्या कायदेशीर शुल्काच्या कित्येक पट आहे. एका दाराचा खर्च कमी झाला, पुढच्याचा तसाच राहिला.

ज्युनिअरचा दिवस

सनद मिळाली की खरा अभ्यास सुरू होतो आणि तो एखाद्या सिनिअरच्या हाताखाली होतो. दिवस सकाळी कार्यालयात फायली काढण्यापासून सुरू होतो. आजच्या बोर्डावर कोणती प्रकरणे आहेत, कोणत्या दालनात, कोणत्या टप्प्यावर, हे ई-कोर्टच्या संकेतस्थळावर आणि डायरीत पाहायचे. न्यायालयाचे काम सुरू झाले की पुकारा होईल तिथे पोचायचे. एकाच वेळी तीन दालनांत पुकारा होणार असेल तर दोन ठिकाणी मुदत अर्ज तयार ठेवायचा. आरोपी आला नसेल तर हजेरी माफीचा अर्ज. समोरच्या अर्जावर म्हणणे. वकीलपत्रावर कल्याण निधीचे तिकीट लावायचे. नक्कल विभागात अर्ज देऊन निकालाची प्रत कधी मिळेल ते विचारायचे. समन्स बजावले का, याची चौकशी बेलिफाकडे करायची. दुपारी रोजनामा वाचून पुढची तारीख डायरीत उतरवायची. संध्याकाळी कार्यालयात अशील येतात. त्यांचे म्हणणे ऐकायचे, कागद तपासायचे, टिपण काढायचे. रात्री निवाडे शोधायचे.

या कामातला प्रत्येक तुकडा किरकोळ दिसतो, पण तो न केल्यास मोठे नुकसान होते. रोजनाम्यात चुकीची नोंद राहिली, तर अपिलात तीच खरी धरली जाते. समन्स बजावले गेले नाही, तर खटला वर्षभर त्याच जागी उभा राहतो. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. त्या ढिगाऱ्यातून एकेक प्रकरण पुढे सरकते ते याच धावपळीने.

आणि या धावपळीचा मोबदला? बहुतेक जिल्हा न्यायालयांत ठरलेला असा काही नाही. सिनिअर देईल ते. कुठे प्रवासखर्च, कुठे महिना काही हजार, कुठे फक्त शिकायला मिळते हे समाधान. सगळ्याच सिनिअरना कंजूष म्हणून चालणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी स्वतः सिनिअरचेच उत्पन्न बेताचे असते, अशील फी हप्त्यांनी देतो आणि कधी देतच नाही. पण परिणाम एकच होतो. ज्यांच्या घरी वकिली आहे, तयार कार्यालय आहे, त्यांची ही वर्षे निभावतात. घरातल्या पहिल्या वकिलाला दोन-चार महिन्यांत नोकरी शोधावी लागते. पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, असा भारतीय परिषदेचा नियम आहे. म्हणजे दोन्ही पाय एकाच वेळी टेकवण्याची सोय नाही.

जून २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूत कनिष्ठ वकिलांना चेन्नई, मदुराई आणि कोइंबतूरमध्ये किमान २० हजार आणि इतरत्र १५ हजार रुपये मासिक मानधन मिळावे, असे निर्देश दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय परिषदेने शहरी भागात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजारांची शिफारस देशभर केली. ही शिफारस आहे, सक्ती नाही. छोट्या कार्यालयांना ती झेपणार नाही हे परिषदेनेही मान्य केले. म्हणून मानधनाचा सगळा भार सिनिअरवर टाकण्यापेक्षा कल्याण निधी, राज्य शासन आणि वकील संघ यांनी तो वाटून घेणे व्यवहार्य ठरेल.

न्यायासनाकडे जाणारी वाट

अनेक विद्यार्थ्यांचे, विशेषतः मुलींचे, लक्ष दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाकडे असते. महाराष्ट्रात ही परीक्षा लोकसेवा आयोगामार्फत होते. २००२ पासून नव्या पदवीधरांनाही तिचे दार उघडे होते. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. हा काळ तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायचा आहे, न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेले काम त्यात धरायचे आहे आणि किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र द्यायचे आहे. न्यायालयात न वावरलेल्या व्यक्तीने थेट न्यायासनावर बसण्यात अडचणी येतात, हा उच्च न्यायालयांचा अनुभव त्यामागे होता.

हेतू योग्य आहे. साक्षीदाराचा अडखळता जबाब आणि खोटा जबाब यांतला फरक पुस्तकातून कळत नाही. पण या तीन वर्षांत उमेदवाराने जगायचे कशावर, याचे उत्तर निकालाबरोबर आले नाही. वकील होण्यासाठीची अवघड वर्षे आता न्यायाधीश होण्यासाठीही तितकीच आवश्यक झाली आहेत. लग्नाचा आग्रह धरणाऱ्या घरात मुलीला परीक्षेपुरती दोन वर्षे मिळत होती, आता ती पाच-सहा मागावी लागतील. मानधनाची तरतूद झाली नाही, तर ही अट गुणवत्तेइतकीच ऐपतीचीही चाळणी ठरेल.

मुली, सुरक्षितता आणि यंत्राने लिहिलेले निवाडे

भारतातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक असलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकचा. ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या महिला. ती परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली, पण विद्यापीठाने पदवी दिली ती तीस वर्षांनी. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा भारतात १९२३ मध्ये झाला आणि त्यानंतर त्यांना कलकत्त्यात वकिली करता आली. आज विधी महाविद्यालयांच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने असतात. वकील कक्षात, संघाच्या कार्यकारिणीत आणि ज्येष्ठ वकिलांच्या यादीत ती संख्या झपाट्याने घटते. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य वकील परिषदांत महिलांना ३० टक्के प्रतिनिधित्व देण्यास सांगितले. तालुका पातळीवर त्याआधीची गरज साधी आहे : स्वच्छ स्वच्छतागृह, महिला वकिलांसाठी बसायची जागा आणि संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या कार्यालयातून घरी पोचण्याची खात्री.

सुरक्षिततेचा प्रश्न सर्वांचाच आहे. जानेवारी २०२४ मध्ये शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीच्या वकील दांपत्याची हत्या झाली आणि वकील संरक्षण कायद्याची मागणी राज्यभर पुन्हा उठली. राजस्थान आणि कर्नाटकने २०२३ मध्येच असे कायदे केले आहेत. दिवाणी वादातला समोरचा पक्षकार गावातलाच असतो, ओळखीचा असतो, त्यामुळे गावाकडच्या वकिलाला हा धोका अधिक जवळचा वाटतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आणखी एक नवी जबाबदारी आणली आहे. यंत्राला विचारून मिळालेला निवाडा अस्तित्वातच नसतो, असे प्रकार न्यायालयांसमोर आले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या अखत्यारीतील जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर करून निर्णय देण्यासाठी अशा साधनांचा वापर करण्यास मनाई केली. विद्यार्थ्यासाठी नियम सोपा आहे : मूळ निवाडा स्वतः उघडून वाचल्याशिवाय त्याचा दाखला द्यायचा नाही. मराठी भाषांतर, तारखांची यादी, लांब दस्ताचा सारांश यांसाठी साधन उपयोगी आहे. कागदावरची सही आणि तिची जबाबदारी वकिलाची.

पुढे काय हवे

वर पाहिलेल्या प्रत्येक बदलाची कसोटी एकच ठेवता येईल : घरातल्या पहिल्या वकिलाला तो किती परवडतो. त्या कसोटीवर काही गोष्टी लगेच करण्याजोग्या आहेत. प्रत्येक ज्युनिअरची लेखी नोंद सिनिअरकडे आणि वकील संघात असावी. तिच्यामुळे मानधनाची योजना राबवता येईल आणि न्यायसेवेसाठी लागणारे तीन वर्षांचे प्रमाणपत्रही वादाविना मिळेल. विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात तरुण वकिलांना वेळेवर आणि पुरेसे मानधन मिळावे. कोठडीतले आरोपी, कामगार, महिला यांची प्रकरणे हीच त्यांची पहिली शाळा असते. महाविद्यालयांनी विधी सहाय्य केंद्र इमारतीच्या आत न ठेवता एकलहरे, सामनगाव, हिंगणवेढे अशा गावांत ठरलेल्या वारी न्यावे. प्रकल्पग्रस्त दाखला, भविष्यनिर्वाह निधीचा दावा, वारसनोंद यांचे अर्ज तिथे भरून घेतले, तर विद्यार्थ्याची इंटर्नशिपही खरी होईल आणि ग्रामस्थाचे कामही होईल. विद्यार्थ्यांच्या या कामाला वर्गाच्या हजेरीइतके श्रेय मिळावे. बार परीक्षेचे शुल्क नोंदणीच्या शुल्काच्या धोरणाशी सुसंगत व्हावे.

यांतली एकही गोष्ट नवा कायदा होण्याची वाट पाहत नाही. परिषदेचे नियम, शासनाची तरतूद आणि वकील संघांचा निर्धार पुरेसा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सनदेचे शुल्क कायद्यातल्या आकड्यावर आणून पहिले दार सर्वांसाठी उघडले. पदवीनंतरची तीन वर्षे निभावण्याची व्यवस्था झाली, तर एकलहऱ्यासारख्या गावातल्या कज्ज्यांना त्याच गावात वाढलेले, तिथली जमीन आणि माणसे ओळखणारे वकील मिळतील आणि पुढे न्यायाधीशही.